कच्चं मडकं आणि पिवळं प्रश्नचिन्ह

(कनेरगाव नाका येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी कधी बसलो नाही. पण त्यांना काम करताना एकदा पाहिलं आहे. शाळा सोडल्याचा दाखला न्यायला एक गृहस्थ आले होते. वाशीमची गाडी चुकेल म्हणून त्यांची घाई चालली होती. गुरुजींनी कपाटातून जनरल रजिस्टर काढलं, पान शोधलं. जन्मतारीख आधी अंकात, मग अक्षरात, बोट ठेवून ताडून पाहिली. "गुरुजी, मी काय खोटं सांगतो का?" असं त्या गृहस्थांनी विचारलंही. गुरुजी म्हणाले, "तू खोटं सांगत नाहीस बाबा. पण सही माझी आहे." गाडी चुकली. दाखला बरोबर निघाला.

आज मला या सहीबद्दलच बोलायचं आहे. आपण मोबाइलवर किंवा संगणकावर एखादं संकेतस्थळ उघडतो आणि मधेच लाल त्रिकोण येतो, 'तुमचं कनेक्शन खाजगी नाही' असं वाक्य येतं. त्या पानामागे एक सही तपासलेली असते आणि ती पटलेली नसते. गेली वीस वर्षं मी हिंगोली, सेनगाव, वाशीम भागातल्या सेवा केंद्रांचे संगणक बसवतो आणि दुरुस्त करतो. हा लाल त्रिकोण मी किती वेळा पाहिला असेल याची मोजदाद नाही.

मागच्या एका हंगामात एका केंद्रात मी प्रिंटर बघायला गेलो होतो. बाहेर रांग उन्हात उभी होती. आत इन्व्हर्टर कुरकुरत होता. पडद्यावर लाल त्रिकोण आला. खुर्चीवरच्या मुलानं हात न थांबवता 'ॲडव्हान्स्ड'वर दाबलं, मग खाली बारीक अक्षरात असलेल्या ओळीवर दाबलं. दोन क्लिक, दोन सेकंद. समोर बसलेल्या आजोबांनी विचारलं, "ते लाल काय आलं रे?" मुलगा म्हणाला, "काही नाही बाबा, ते येतच असतं." आणि लगेच, "पासवर्ड सांगा."

'ते येतच असतं' हे वाक्य ऐकून मला त्या मुलाचा राग आला नाही. तो कष्टाळू आहे, प्रामाणिक आहे. पण त्या दिवशी घरी जाताना हे वाक्य डोक्यातून जाईना.

आपलं गावच नाक्याचं. पैनगंगेपलीकडे वऱ्हाड, अलीकडे निजामाचं राज्य. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत ही सरहद्द नुसती नकाशावरची रेघ नव्हती. हैदराबाद संस्थानात जकातीच्या खात्याला करोडगिरी म्हणत, आणि सरहद्दीवर माल थांबायचा, कागद बघितले जायचे. आज इकडे हिंगोली जिल्हा आणि तिकडे वाशीम, इकडे मराठवाडा आणि तिकडे विदर्भ, एवढाच फरक उरला. नाव मात्र नाक्याचंच राहिलं. सरहद्दीवरच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही: कोण, कुठला, कागद दाखव, असं विचारणं हा कुणाचा अपमान नाही. ब्राउझरही एवढंच विचारतो.

तो काय विचारतो ते बघू. समजा तुम्ही बँकेचं संकेतस्थळ उघडलं. तुमच्या फोनपासून बँकेच्या संगणकापर्यंत मजकूर कुलूपबंद होऊन जावा, अशी सोय आहे. नेटस्केप नावाच्या कंपनीनं ती १९९५ च्या सुमारास आणली आणि पुढे ती सुधारत गेली. कुलूप चांगलं आहे. पण कुलूप लावण्याआधी समोर खरंच बँक आहे का, हे कळायला हवं. चोराच्या पेटीला भक्कम कुलूप लावून आत पैसे टाकले, तर पैसे चोराकडेच सुरक्षित पोचले. म्हणून बँकेचा संगणक आधी एक दाखला पुढे करतो. त्यात नाव असतं, कुलपाची उघडी किल्ली असते, कधीपासून कधीपर्यंत चालेल ती तारीख असते आणि दाखला देणाऱ्याची सही असते. ब्राउझर या चारही गोष्टी ताडून पाहतो. एकही जुळली नाही की तो थांबवतो.

सही देणाऱ्यावर विश्वास का ठेवायचा? हे समजावून सांगायला मला परदेशातलं उदाहरण शोधावं लागत नाही. नरसी नामदेव आपल्याच हिंगोली तालुक्यात आहे. नामदेवांची कथा आपण कीर्तनात लहानपणापासून ऐकतो. संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून तेरच्या गोरोबाकाकांनी थापटणं हातात घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर ठोकत मडकी तपासली. नामदेवांच्या वेळी ते म्हणाले, हे मडकं कच्चं आहे. का? भक्ती कमी होती म्हणून नाही. प्रत्यक्ष विठ्ठल त्यांच्याशी बोलत होता. कच्चं ठरलं, कारण गुरू नव्हता. मग नामदेव आपल्याच औंढ्या नागनाथाला आले, विसोबा खेचरांकडे.

ज्ञानेश्वरमाउलींनी आपली परंपरा सांगितली ती आठवा. माउलींमागे निवृत्तिनाथ, त्यांच्यामागे गहिनीनाथ, मग गोरक्षनाथ, मच्छिंद्रनाथ आणि सगळ्यांत वर आदिनाथ. आदिनाथांना तुमचा गुरू कोण असं कुणी विचारत नाही. साखळी तिथे संपते. संकेतस्थळांच्या दाखल्यांची रचना हुबेहूब अशीच आहे. बँकेच्या दाखल्यावर एका मधल्या संस्थेची सही असते, त्या संस्थेच्या दाखल्यावर तिच्या वरच्या संस्थेची, आणि वर शेवटी मूळ प्रमाणपत्र. ते स्वतःच स्वतःवर सही करतं. अशा शंभराहून जास्त मूळ प्रमाणपत्रांची यादी ब्राउझरबरोबर किंवा विंडोजबरोबर, अँड्रॉइडबरोबर आपल्याकडे आलेलीच असते. ज्या दाखल्याची परंपरा या यादीतल्या कुणापर्यंत पोचत नाही, त्याला ब्राउझर कच्चं मडकं म्हणतो. पडद्यावर 'ऑथॉरिटी इनव्हॅलिड' अशी इंग्रजी अक्षरं येतात, त्यांचा अर्थ एवढाच.

कच्चं मडकं म्हणजे खोटं मडकं नव्हे, हेही याच कथेतून कळतं. घरातल्या वायफायच्या राउटरचं सेटिंग उघडा, दुकानातल्या कॅमेऱ्याची पेटी उघडा. हाच इशारा येईल, कारण त्या डब्यानं स्वतःच स्वतःचा दाखला लिहिलेला असतो. डबा आपला, तार आपली, समोर कोण आहे ते डोळ्यांनी दिसतं. तिथे पुढे जायला हरकत नाही. पण ओळखीच्या बँकेनं किंवा सरकारी खात्यानं अचानक निगुरा दाखला पुढे केला, तर तिथून मागे फिरायचं.

दुसरा इशारा तारखेचा. आपल्या भागात हा सगळ्यांत जास्त दिसतो आणि निम्म्या वेळा दोष समोरच्याचा नसतो, आपल्या संगणकाचा असतो. संगणकाच्या आत रुपयाच्या नाण्याएवढा एक गोल सेल असतो. वीज गेल्यावर घड्याळ चालू ठेवायचं काम त्याचं. तो संपला की वीज गेल्यावर संगणक तारीख विसरतो आणि सुरू होताना कित्येक वर्षं मागे जातो. मग आजचा खरा दाखला त्याला 'अजून सुरूच न झालेला' वाटतो. एका केंद्रात महिनाभर हेच चाललं होतं. रोज सकाळी प्रत्येक संकेतस्थळावर लाल त्रिकोण येई आणि रोज दिवसभर पुढे ढकलणं चाले. कोपऱ्यातली तारीख कुणी पाहिली नव्हती. सेल बदलला आणि सगळे त्रिकोण गेले. त्या महिन्यात एखादा खरा धोक्याचा इशारा येऊन गेला असता, तर रोजच्या त्या त्रिकोणांत तो कुणाला ओळखू आला असता?

जुन्या यंत्रांची अडचण वेगळी. मूळ प्रमाणपत्रांनाही मुदत असते. ३० सप्टेंबर २०२१ ला असंच एक मोठं मूळ प्रमाणपत्र संपलं आणि ज्या जुन्या फोनांची, संगणकांची यादी वर्षानुवर्षं अद्ययावत झाली नव्हती, त्यांच्यावर चांगल्या संकेतस्थळांनाही इशारे येऊ लागले. माणसं म्हणाली, संकेतस्थळ बिघडलं. बिघडली होती ती आपली यादी.

तिसरा इशारा नावाचा. दाखला एका नावाचा आणि दारावरची पाटी दुसऱ्या नावाची. स्टेशनवरच्या किंवा लॉजमधल्या मोफत वायफायवर हा कधी कधी येतो, कारण ते जाळं आधी तुम्हाला त्याच्या लॉगिनच्या पानावर ओढत असतं. उपाय सोपा आहे: वायफाय बंद करा, मोबाइलचा डेटा चालू करा, पुन्हा उघडा. इशारा गेला तर घोळ त्या जाळ्यात होता. आणि घोळ जाळ्यात असेल, तर मधे कुणीतरी बसून तुमचा पासवर्ड वाचत असण्याची शक्यताही तिथेच असते.

काही ठिकाणी 'पुढे जा' अशी ओळच दिसत नाही. बँका आणि मोठी संकेतस्थळं ब्राउझरला आधीच सांगून ठेवतात की दाखला चुकला तर ग्राहकाला पर्यायच देऊ नका. तिथे मुलं दुसरा ब्राउझर शोधतात, इशारा बंद करायची युक्ती विचारतात. मला कुणी विचारलं तर मी ती सांगत नाही.

आता आपल्या केंद्रांत रोज दिसणाऱ्या एका गोष्टीबद्दल जरा सविस्तर बोलतो. ई-आधारची पीडीएफ उघडा. खाली सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं आणि सही पडताळलेली नाही असं इंग्रजीत लिहिलेलं असतं. उत्पन्नाच्या दाखल्यावरही ते दिसतं. हे त्याच कुळातलं. पीडीएफ वाचणाऱ्या प्रोग्रामची स्वतःची एक यादी असते आणि भारत सरकारचं मूळ प्रमाणपत्र त्या यादीत आपसूक नसतं, म्हणून तो म्हणतो, ही सही कुणाची ते मला ठाऊक नाही. उपाय ठरलेला आहे: सहीवर उजवी क्लिक करा, सही करणाऱ्याचं प्रमाणपत्र उघडा, साखळी बघा. सगळ्यांत वर 'सीसीए इंडिया' हे नाव असेल, तर त्याला विश्वासू म्हणून जोडा आणि सही पुन्हा तपासा. मग हिरवी खूण येते.

यातलं 'साखळी बघा' हे मधलं पाऊल आपण गाळून टाकलं आहे. कुणीतरी कुठल्या तरी खिडकीवर सांगितलं, 'हिरवी टिक मारून आणा', आणि तेव्हापासून पिवळ्याचं हिरवं करणं हे एक काम झालं. मी एकदा एका केंद्रात मुलांसमोर प्रयोग केला. माझ्याच संगणकावर एक दाखला तयार केला, त्यात मोठ्या खात्याचं नाव माझ्या हातानं लिहिलं, त्यानं एका कोऱ्या पीडीएफवर सही केली. पिवळं प्रश्नचिन्ह आलं. मुलानं सवयीनं उजवी क्लिक केली, विश्वासू म्हणून जोडलं आणि हिरवी खूण आली. केंद्रात सगळे गप्प झाले. प्रोग्राम त्याला विचारत होता, याला तू ओळखतोस का? आणि मुलगा न बघता सांगत होता, हो, ओळखतो. ती हिरवी खूण खात्याची नव्हती, त्या मुलाच्या शब्दाची होती. आणि कागदावर छापून आलेली हिरवी खूण तर नुसती शाई. ज्याला आधार खरंच तपासायचं आहे, त्यानं त्यावरचा क्यूआर कोड आधारच्याच ॲपनं तपासावा. त्यात सही आतच असते. हिरवी टिक मागणाऱ्या खिडकीवाल्यांनाही माझी हात जोडून विनंती आहे: हे मागणं बंद करा.

मूळच चुकलं तर काय, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. आपल्या देशात ते एकदा घडलं आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० ला लागू झाला आणि सह्यांच्या व्यवस्थेवर एक नियंत्रक नेमला गेला. ज्या सीसीएचं नाव मी आत्ता घेतलं तेच हे कार्यालय. त्याच्या हाताखाली ज्यांना दाखले द्यायचा परवाना होता, त्यांत राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र म्हणजे एनआयसी होतं. २ जुलै २०१४ ला गूगलच्या लक्षात आलं की गूगलच्याच काही नावांचे दाखले एनआयसीकडून निघाले आहेत आणि गूगलनं ते मागितलेले नाहीत. भारताचं मूळ प्रमाणपत्र विंडोजच्या यादीत होतं, म्हणून विंडोजवरचे बरेच प्रोग्राम ते दाखले मान्य करणार होते. फायरफॉक्सची यादी स्वतंत्र होती, तो वाचला. दुसऱ्याच दिवशी, ३ जुलैला, नियंत्रकांनी एनआयसीचे ते अधिकार रद्द केले. दाखले देण्याच्या प्रक्रियेतच कुणीतरी घुसलं होतं आणि चार खोटे दाखले निघाले, असं त्यांनी कळवलं. गूगलनं सांगितलं की त्या चारांबाहेरचेही आम्ही पाहिले आहेत, व्याप्ती किती ते सांगता येत नाही. पुढे क्रोमनं भारताच्या मूळ प्रमाणपत्रावरचा विश्वास सरकारी, शैक्षणिक, रिझर्व्ह बँक अशा मोजक्या सात नावांपुरता मर्यादित केला.

ही हकीकत मी कुणाला कमी लेखायला सांगत नाही. त्याआधी तीनच वर्षं, २०११ मध्ये, नेदरलँड्समधल्या डिजिनोटार कंपनीच्या नावानं पाचशेहून जास्त खोटे दाखले निघाले, इराणमधल्या लोकांच्या मेलवर पाळत ठेवायला त्यांतला एक वापरला गेला आणि हे उघड झाल्यावर महिन्याभरात ती कंपनी दिवाळखोरीत गेली. मूळ चुकलं तर इशारा येतच नाही, हे भय खरं आहे. त्यावर जगानं काढलेली तोड तुम्हाला लगेच पटेल. जमिनीचा फेरफार धरला की त्याची नोटीस चावडीवर लागते, कुणाची हरकत असेल तर त्यानं घ्यावी म्हणून. आता तर ती संगणकावर 'आपली चावडी'मध्येही दिसते. तसंच निघालेला प्रत्येक दाखला उघड नोंदवहीत टाकायचा, म्हणजे आपल्या नावावर कुणी गुपचूप दाखला काढला तर मूळ मालकाला दिसेल. एप्रिल २०१८ नंतर निघालेला दाखला अशा नोंदवहीत नसेल तर क्रोम तो मानत नाही.

लोक इशाऱ्यावर दाबून पुढे जातात, हा दोष अडाणीपणाचा नाही, आणि त्याचा पुरावा आहे. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठातल्या आणि गूगलमधल्या दोन संशोधकांनी २०१३ मध्ये अडीच कोटींहून जास्त इशाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. दाखल्याच्या इशाऱ्यावर तेव्हाच्या क्रोममध्ये सत्तर टक्के वेळा माणसं पुढे गेली, फायरफॉक्समध्ये तेहतीस टक्के. या फरकात पडद्याच्या मांडणीचाही वाटा होता. म्हणजे सवय लावली तशी लागते. आपल्याला सवय कुणी लावली? ज्या कार्यालयांनी स्वतःचे दाखले मुदतीत नवे केले नाहीत, त्यांनी. जनतेला रोज जिथे यावंच लागतं तिथला दाखला आठवडाभर संपलेला ठेवायचा आणि मग सायबर जागृतीचं पोस्टर लावायचं, हे मला मान्य नाही. २०१५ च्या डिसेंबरपासून असे दाखले फुकट मिळतात, आपोआप नवे होतात. आणि यापुढे मुदत आणखी आखडत जाणार आहे: २०२० मध्ये ३९८ दिवसांवर आलेली मर्यादा मार्च २०२६ पासून २०० दिवस, त्याच्या पुढच्या वर्षी १००, आणि २०२९ मध्ये अवघी ४७ दिवस, असं ब्राउझरवाल्यांनी आणि दाखले देणाऱ्यांनी मिळून ठरवलं आहे. हातानं आठवण ठेवून चालवणाऱ्यांचं आता निभणार नाही.

इशारा न आल्यानंही गाफील राहू नका. फसवणाराही स्वतःच्या नावाचा खरा दाखला फुकट काढतो. दाखला नाव सांगतो, नियत सांगत नाही. पूर्वी दिसणारं छोटं कुलूप बघून लोकांना वाटायचं की संकेतस्थळच भलं आहे. म्हणूनच क्रोमनं २०२३ मध्ये ते कुलूप काढून टाकलं. तेव्हा नाव वाचायला शिका, आणि ते उजवीकडून वाचा. पहिल्या एकट्या तिरक्या रेघेच्या (/) आधी शेवटी काय आहे? 'डॉट जीओव्ही डॉट इन' असेल तर सरकारी. मधे कुठेतरी 'जीओव्ही' आणि शेवटी भलतंच, तर ते सरकारी नव्हे. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेनं 'बँक डॉट इन' हे राखीव नाव आणलं आणि ऑक्टोबर २०२५ अखेरपर्यंत सगळ्या बँकांना तिकडे जायला सांगितलं. आपली बँक नव्या नावावर गेली का, हे शाखेत जाऊन विचारा, व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यावरून नको. आणि पैसे गेलेच तर लाजू नका, १९३० ला लगेच फोन करा. पहिले काही तास फार मोलाचे असतात.

त्या आजोबांची गोष्ट अर्धी राहिली. मुलानं पासवर्ड विचारला तेव्हा त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. चार घड्यांचा, घामानं मऊ झालेला. त्यावर नातवानं लिहून दिलेला पासवर्ड होता. कागद त्यांनी हातातच धरला आणि म्हणाले, "लाल जाऊ दे, मग सांगतो." मुलगा थोडा चिडला. मग आम्ही दोघांनी मिळून पाहिलं: पत्त्यात एक अक्षर जास्तीचं होतं. कुणीतरी पाठवलेल्या दुव्यावरून ते पान उघडलेलं होतं. पत्ता हातानं बरोबर टाइप केला, लाल गेलं. आजोबांनी कागद टेबलावर उघडला.

उद्या सकाळी दहाला शाळेच्या खोलीत मी बसणार आहे. केंद्रवाल्यांनी आपापले संगणक आणावेत, घड्याळाचे दहा सेल मी बरोबर आणले आहेत. आपण रोज वापरतो त्या संकेतस्थळांचे खरे पत्ते मोठ्या अक्षरात लिहून प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर लावायचे आहेत. ज्यांचं अक्षर चांगलं आहे त्या मुलींनी यावं, मार्कर माझ्याकडे आहेत.